डबल टोप, चौपट तांबे

लग्नसराईच्या तोंडावर केटरिंगवाला दुकानात येतो. २ फूट व्यासाचा, दीड फूट उंचीचा तांब्याचा टोप पुढे ठेवतो आणि म्हणतो, "उस्ताद, असाच, पण डबल करून द्या." उस्ताद व्यास ४ फूट धरतात, उंची ३ फूट, आणि भाव दुप्पट सांगतात. सौदा तिथेच पक्का होतो. घाटाही तिथेच होतो.

हिशेब पाहा. पहिल्या टोपाला भिंत आणि बूड मिळून साधारण साडेबारा चौरस फूट पत्रा लागतो, दुसऱ्याला पन्नास. गेज तेच ठेवले तरी तांबे चौपट झाले, आणि तांबे तर आपण वजनावर घेतो. माल मात्र आठपट मावतो. लहान टोपात सुमारे १३३ लिटर, मोठ्यात १०६८. असा टोप चुलीवर चढवणार कोण? गिऱ्हाइकाला हवे होते दुप्पट बिर्याणीपुरते भांडे. त्यासाठी व्यास आणि उंची दोन्ही सव्वापट केली की काम जवळजवळ भागते, कारण सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा म्हणजे दोनाला किंचित कमी. पत्रा मग दीडपटीपेक्षा थोडाच जास्त लागतो.

लिटर काढायची रीत कारागीर बंधूंनी भिंतीवर खडूने लिहून ठेवावी: फुटातला व्यास गुणिले व्यास, गुणिले उंची, गुणिले सव्वाबावीस. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, चौकोनात बसणारा गोल त्याची ७८.५ टक्के जागाच व्यापतो, म्हणून सव्वाबावीस.

हीच रीत टाकी करणाऱ्यांनी ८ बाय ४ च्या जस्ती पत्र्यावर लावून पाहावी. पत्रा लांबीकडून वळवला तर टाकी ४ फूट उंच होते आणि सुमारे ५७७ लिटर पाणी घेते. रुंदीकडून वळवला तर टाकी ८ फूट उंच, दिसायला भारी, पण पाणी २८८ लिटर. बरोबर निम्मे! बुडाचा पत्रा पहिलीला जास्त लागतो आणि सांध्यात थोडे जाते, हे खरे. तरीही ५०० लिटरची ऑर्डर घेऊन उंच टाकी देणारा कारागीर भांडण विकत घेतो.

बादलीचे वेगळे. गिऱ्हाईक तोंड मोजते. तोंड १२ इंच, बूड ८ आणि उंची १२ असेल, तर तोंडाच्या हिशेबाने २२ लिटर वाटतात. भरतात साडेपंधराच्या आसपास. मधला व्यास १० इंच धरला की उत्तर जवळ येते, जरासे कमी. ही 'जरासे कमी'ची गोष्ट जुनीच आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मींनी आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात शेंडा छाटलेला चौकोनी मनोरा मोजून दाखवला: तळ ४, माथा २, उंची १०, घनफळ ९३ पूर्णांक एक तृतीयांश. सरासरी धरली तर ९०च येतात.

फुगीर पोटाच्या देगेला मात्र कोणतेही सूत्र लावत बसू नये. मापाच्या बादलीने पाणी ओतावे, दर २० लिटरला आतून खूण करावी आणि उकळीला जागा सोडून किती लिटर शिजते तेवढेच पावतीवर लिहावे.