अंतराळ स्थानकावरचा शास्त्रज्ञ आणि कर्जतचे भात

‘स्पेस स्टेशन १३’ या संगणकीय खेळाची सुरुवात २००३च्या सुमारास झाली, ती हवेच्या हिशेबातून. बंद खोल्यांमध्ये वायू कसा पसरतो, दार उघडले की दाब कसा बदलतो, भिंतीला भोक पडले तर आतल्या हवेचे काय होते, हे संगणकावर दाखवायचे, एवढाच मूळ खटाटोप होता. पुढे त्या खोल्यांत माणसे आली, त्यांच्या हाती कामे आली आणि एक अख्खे अंतराळ स्थानक उभे राहिले. खेळाची चित्रे अगदी साधी, छपरातून खाली पाहावे तशी. पण एकाच फेरीत डझनावारी खेळाडू एकमेकांसोबत तास-दोन तास या स्थानकावर नांदतात. कोणी कप्तान, कोणी इंजिनिअर, कोणी डॉक्टर, आचारी, माळी, सफाई कामगार, अगदी विदूषकही. आणि एक शास्त्रज्ञ.

या सगळ्यांत शास्त्रज्ञाची भूमिका रचणे सर्वांत अवघड. आचाऱ्याने रांधलेले कोणीतरी खाते, डॉक्टरने उपचार केलेला रोगी उठून चालू लागतो. शास्त्रज्ञाचे काम अज्ञाताचा शोध घेण्याचे, आणि खेळातली प्रत्येक गोष्ट तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते. मग शोध लागायचा तरी कशाचा?

जुन्या आवृत्त्यांनी याचे सोपे उत्तर काढले. वस्तू यंत्रात घालून मोडायची, तिच्यातले तंत्रज्ञान ‘समजले’ असे धरायचे आणि ज्ञानाची पातळी एकेक पायरी वाढवायची. झाले असे की कोणती वस्तू कधी मोडायची याचा क्रम खेळाडूंनी पाठच केला. क्रम संपला की शास्त्रज्ञ रिकामा. पुढे काही सर्व्हरांनी ही पद्धत टाकून गुणांवर चालणारे तंत्रज्ञानाचे जाळे आणले. माझ्या मते त्यानेही मूळ दुखणे गेले नाही, कारण पाठांतर म्हणजे संशोधन नव्हे.

खरी वाट सापडली ती दोन ठिकाणी. पहिली वायूंच्या प्रयोगशाळेत. तिथे निकाल कोणी वाक्यात लिहून ठेवलेला नाही. तापमान, दाब आणि मिश्रण यांच्या गणितातून तो त्या क्षणी घडतो. खेळाच्या मुळाशी असलेला हवेचा हिशेब इथे असा कामी आला. दुसरी वाट ‘स्पेस स्टेशन १४’ या नव्या पिढीच्या खेळातली. त्यात शास्त्रज्ञाच्या हाती अनोळखी अवशेष येतात. ते कशाने जागे होतील, उष्णतेने की धक्क्याने, आणि जागे झाले तर काय करतील, हे दर फेरीला नव्याने ठरते. कालचे पाठांतर आज चालत नाही. तर्क करायचा, करून पाहायचे, चुकले तर पुन्हा.

ही भूमिका लिहू पाहणाऱ्याने खरा शास्त्रज्ञ कसा राबतो ते पाहायला फार लांब जायला नको. रायगड जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याला कर्जत आहे, आणि तिथे १९१९पासून भातावर संशोधन चालू आहे. आज हे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७, कर्जत-१८४ ही नावे कोकणातल्या शेतकऱ्याला पाठ असतात.

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे दोन वाणांचा संकर हाताने घडवावा लागतो. भात पोटरीतून बाहेर पडून निसवू लागले की फूल उमलण्याआधीच त्याचे टोक कापून आतले सहा पुंकेसर काढून टाकायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाची फुले उमलली की त्यांचा पराग आणून झटकायचा. एका फुलाचा एकच दाणा. त्या मूठभर दाण्यांपासून पिढ्यामागून पिढ्या वाढवायच्या, निवडायच्या, बहुतेक फेकायच्या. वाण स्थिर होऊन शेतकऱ्यापर्यंत पोचायला दहाएक वर्षे सहज जातात. कर्जतचा ‘सह्याद्री’ हा संकरित भात १९९८चा. त्याच्या बियाण्यासाठी तीन वंश लागतात: एक ज्याचा पराग वांझ आहे, दुसरा त्या वांझ वंशाला टिकवणारा, आणि तिसरा संकरात फलनक्षमता परत आणणारा.

मात्र खेळ रचणाऱ्याने कर्जतकडून उचलावी अशी गोष्ट याहूनही मोलाची आहे. इथले प्रश्न शास्त्रज्ञाला शेतातून येतात. उताराच्या जमिनीतले पाणी पाऊस सरताच ओसरते, तिथे लवकर तयार होणारे हळवे भात हवे. मधल्या जमिनीला मध्यम मुदतीचे निमगरवे. खोल, ओल धरणाऱ्या खाचरात उशिरा तयार होणारे गरवे. म्हणून कर्जत-३ आणि कर्जत-१८४ हळवे, कर्जत-५ निमगरवे, कर्जत-२ गरवे. गरजेतून काम उभे राहते ते फक्त शेतातच नाही: शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला, टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी उभे राहिले. घाटमाथ्यावरून खाली झेपावणारे पाणी आणि दूरच्या शहराची गरज यांची सांगड तिथे इंजिनिअरांनी घातली. खेळातल्या शास्त्रज्ञाच्या दारात असाच कोणीतरी गरजू उभा असला पाहिजे: पीक जळते म्हणून माळी, औषध संपले म्हणून डॉक्टर. त्याच्या प्रयोगासाठीचे खनिज खाणकामगाराने आणले पाहिजे. एकटा बसून यंत्राची बटणे दाबणारा शास्त्रज्ञ फेरी संपेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही.

आणि शोध फक्त ‘शास्त्रज्ञ’ अशी पाटी लावलेल्यानेच लावावा, असेही नको. कर्जत तालुक्यातच नेरळजवळच्या सगुणा बागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी न करता, गादीवाफ्यावर बी टोकून, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवून भात पिकवण्याचे सगुणा तंत्र विकसित केले. खेळातल्या माळ्यालाही अशी मुभा हवी.

भात आता खऱ्या अंतराळ स्थानकावरही जाऊन आले आहे. २०२२ साली चीनच्या स्थानकावर बीपासून पुन्हा बीपर्यंत भाताचे पूर्ण चक्र पार पडले. जून २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा इस्रोच्या प्रयोगांत केरळ कृषी विद्यापीठाच्या पिकांचे बियाणे होते. त्यात ज्योती आणि उमा हे भाताचे वाण होते. परतलेले बियाणे जमिनीवर पिढ्यामागून पिढ्या वाढवून पाहायचे, असा त्या प्रयोगाचा आराखडा आहे.

‘स्पेस स्टेशन १४’चा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, कोणीही त्यात नवी भूमिका लिहून पाहू शकतो. कर्जत-खालापूरच्या ज्या मुलामुलींना असे खेळ रचायचे असतील, त्यांनी आधी भात निसवण्याच्या दिवसांत एक सकाळ बांधावर उभे राहून काढावी आणि मगच आपला शास्त्रज्ञ लिहायला घ्यावा.