माणसें ओळखणारा मार्गदर्शक

फुटबॉलच्या मैदानावर अकरा खेळाडू सर्वांच्या दृष्टीस पडतात. त्यांची निवड करून त्यांना एका सूत्रांत ओवणारा बारावा मनुष्य मात्र रेषेबाहेर उभा असतो. अशा बाराव्या माणसांत इटलीचे व्हित्तोरियो पोत्सो यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. जगज्जेतेपदाची स्पर्धा १९३० सालीं सुरू झाली. तेव्हांपासून २०२२ पर्यंतच्या पुरुषांच्या स्पर्धांत दोनदां विजयी झालेला मार्गदर्शक हा एकच.

आश्चर्य असें कीं, खेळाडू म्हणून पोत्सो कधींच मोठे नव्हते. त्यांचा जन्म १८८६ सालीं तुरिन शहरीं झाला. तरुणपणीं ते झुरिकच्या ग्रासहॉपर संघाकडून कांहीं काळ खेळले. पुढें १९०६ सालीं तुरिनमध्यें तोरिनो संघाच्या स्थापनेस त्यांनीं हातभार लावला आणि १९११ पर्यंत त्याच संघांत ते खेळत राहिले. पण त्यांचें खरें शिक्षण झालें तें मँचेस्टर येथें, प्रेक्षकांत उभें राहून. मँचेस्टर युनायटेडचा मध्यरक्षक चार्ली रॉबर्ट्स हा चेंडू पायाशीं येतांच एका लांब फटक्यानें तो कडेच्या खेळाडूकडे पोंचवी. तो खेळ पोत्सो यांच्या मनावर कायमचा ठसला.

१९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें इटलीचा संघ त्यांच्या हातीं आला. परंतु फिनलंडनें त्याला ३-२ असें हरविलें आणि पोत्सो बाजूला झाले. पहिल्या महायुद्धांत ते इटलीच्या डोंगरी पलटणींत अधिकारी होते. १९२९ सालीं राष्ट्रीय संघाची धुरा त्यांनीं पुनः घेतली, ती १९४८ पर्यंत सांभाळली.

त्यांची खेळाची मांडणी समजावयास सोपी आहे. त्या काळीं संघांत दोन पाठीराखे, तीन मध्यरक्षक व पांच आघाडीवीर असत. पोत्सो यांनीं पांचांपैकीं आंतल्या बाजूचे दोघे किंचित् मागें ओढले, म्हणजे मैदानाचा मध्य भरला. तीन मध्यरक्षकांतील मधल्यावर दुहेरी काम होतें: प्रतिपक्षाच्या मुख्य आघाडीवीरास रोखावयाचें, आणि चेंडू मिळतांच रॉबर्ट्सप्रमाणें तो दूर कडेला धाडावयाचा. हें काम त्यांनीं लुईस मोंतीकडे सोंपविलें. मोंती १९३० सालच्या अंतिम सामन्यांत अर्जेंटिनाकडून खेळला होता. १९३४ सालीं तो इटलीकडून उतरला. परदेशीं जन्मलेल्या अशा इटालियन वंशाच्या खेळाडूंवर टीका झाली, तेव्हां पोत्सो यांचा युक्तिवाद सरळ होता: ज्याच्यावर इटलीसाठीं मरण्याची पाळी येऊं शकते, त्याला इटलीसाठीं खेळण्याचीहि मोकळीक असली पाहिजे.

तथापि आराखड्यापेक्षां माणसांची पारख हेंच त्यांचें खरें बळ होय. निरनिराळ्या शहरांच्या संघांतून आलेले खेळाडू मनांत जुनीं वैरें घेऊन येत. अशा दोघांना पोत्सो मुद्दाम एकाच खोलींत उतरवीत. कोणास रागें भरावें, कोणास गोंजारावें, हें ते प्रत्येकाचा स्वभाव पाहून ठरवीत. मे १९३० मध्यें बुडापेस्टला जातांना त्यांनीं आपल्या तरुण संघाला वाटेंत महायुद्धाची रणभूमि दाखविली. त्यानंतर इटलीनें बलाढ्य हंगेरीला ५-० असें हरविलें. त्यांतील तीन गोल एकट्या ज्युसेप्पे मेआत्साचे होते.

पुढील यश सर्वश्रुत आहे. १९३४ सालीं रोम येथें चेकोस्लोव्हाकियावर जादा वेळांत २-१. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें विद्यार्थ्यांचा संघ घेऊन सुवर्णपदक. आणि १९३८ सालीं पॅरिस येथें हंगेरीवर ४-२. दोन्ही जगज्जेत्या संघांतून अंतिम सामना खेळलेले मेआत्सा व फेरारी हे दोघेच. बाकीचा संघ चार वर्षांत नव्यानें उभा केलेला होता.

या यशावर एक गडद छायाहि आहे. मुसोलिनीच्या राजवटीनें हे विजय आपल्या प्रचारासाठीं वापरले. १९३८ सालीं मार्सेय येथें संघानें फॅसिस्ट पद्धतीनें हात उंचावतांच प्रेक्षकांतील निर्वासितांनीं निषेधाचा गोंगाट केला. तेव्हां पोत्सो यांनीं ती सलामी पुनः द्यावयास लाविली. खेळाडूंना धीर देणारी त्यांची देशभक्ति हुकूमशाहीच्याहि कामीं आली, हें इतिहास लिहिणारास टाळतां येणार नाहीं.

महायुद्धानंतर तोरिनोचा संघ इटलीचा मुकुटमणि ठरला. ११ मे १९४७ रोजीं हंगेरीविरुद्ध पोत्सो यांनीं उतरविलेल्या अकरांपैकीं दहा जण तोरिनोचे होते. पुढील वर्षीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें डेन्मार्ककडून ५-३ असा पराभव झाला आणि त्यांची कारकीर्द संपली. ते वृत्तपत्रांत फुटबॉलवर लिहूं लागले.

४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून परतणारें तोरिनो संघाचें विमान तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील चर्चच्या भिंतीवर आदळलें. अठरा खेळाडूंसह एकतीस जण मृत्यु पावले. मृतदेह ओळखूं येण्याच्या स्थितींत नव्हते. हें काम शेवटीं त्रेसष्ट वर्षांच्या पोत्सो यांनीं केलें. ज्या खेळाडूंना त्यांनीं निवडलें, रागें भरलें, धीर दिला, त्यांची ओळख पटवून देण्याचें कर्तव्यहि त्यांच्याच वांट्यास आलें. १९६८ सालीं ते वारले. त्यांच्या नांवावर दोन जगज्जेतेपदें नोंदलेलीं आहेत. पण माणसें ओळखण्याच्या त्यांच्या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती त्या टेकडीवर.