पेशीत शिरूनही बाहेरच

तांबेरा पडलेल्या गव्हाच्या ताटावरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी हाताला लागते. ते बुरशीचे बीजाणू. म्हणजे आपल्याला रोग दिसतो तेव्हा बुरशीचं पीक काढणीला आलेलं असतं. तिचं जेवण त्याच्या कितीतरी आधी आत सुरू झालेलं असतं.

बीजाणू रुजतो आणि त्याचा तंतू पर्णरंध्रातून आत घुसतो. पेशींमधल्या फटींतून सरकत तो एखाद्या पेशीला भिडतो आणि तिच्या भिंतीला बारीक भोक पाडतो. गंमत पुढे आहे. भिंतीच्या आतलं नाजूक पेशीपटल तो फाडत नाही. फुगलेल्या फुग्यात बोट खुपसावं तसं ते पटल आत दबतं आणि त्या खळग्यात बुरशीचा एक फुगीर अवयव वाढतो. हे तिचं शोषकांग, हॉस्टोरियम. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६३मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच्या मानेभोवती घट्ट कडं असतं. त्यामुळे शोषकांग आणि दबलेलं पटल यांच्यातली चिंचोळी जागा बंदिस्त होते. सगळी देवघेव इथेच.

ती कशी चालते, हे घेवड्यासारख्या बाकल्यावरच्या तांबेऱ्यात नीट उलगडलं. शोषकांग त्या जागेत प्रोटॉन सोडत राहतं. ते परत आत येताना वाहक प्रथिनामार्फत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सोबत ओढून आणतात. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१मध्ये हे वाहक प्रथिन शोषकांगाच्याच पटलावर दाखवलं. अमिनो आम्लंही अशीच उचलली जातात. आयतं मिळण्याची सवय इतकी मुरली आहे, की गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याकडे नायट्रेटपासून नत्र मिळवण्याची जनुकंच पुरती उरलेली नाहीत. यजमान पेशी मेली, की हिचा शिधा बंद!

गहू नेमकं तेच हत्यार वापरतो. शोषकांग नुसतं खात नाही, पेशीचा प्रतिकार दडपणारी प्रथिनंही आत सोडतं. रोगप्रतिकारक वाणाने त्यातलं एखादं ओळखलं, की तो पेशी स्वतःच मारून टाकतो. एसआर-३५ आणि एसआर-५० ही गव्हातली जनुकं बुरशीची नेमकी कोणती प्रथिनं ओळखतात, हे २०१७मध्ये उघड झालं. पण बुरशीने तेवढं प्रथिन बदललं किंवा गाळलं, तर तोच वाण पुन्हा बळी पडतो. महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्रात म्हणूनच नवे वाण मुद्दाम रोगाच्या तोंडी देऊन पारखले जातात.