‘बनवाबनवी’ झाला, आता पुढे काय बघायचं?

भगिनींनो, ‘अशी ही बनवाबनवी’ कितव्यांदा तरी पाहून पोट दुखेपर्यंत हसलात ना? मग पुढच्या रविवारी तसाच एखादा सिनेमा हवा म्हणून त्याच नटांचा दुसरा लावता, आणि पाऊण तासात घरातला एकेक जण उठून जातो. असं का होतं? कारण आपण चेहरा पाहून सिनेमा निवडतो, हसू कशाचं आलं ते विचारातच घेत नाही.

भूमच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. आपल्या तालुक्यातल्या एकाच खव्याचे पेढे होतात, गुलाबजामही होतात. सिनेमाच्या कथेचंही तसंच आहे. ‘बनवाबनवी’ सचिन पिळगावकरांनी १९८८ मध्ये काढला, पण त्याचा खवा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधला! तेव्हा आधी स्वतःला विचारा, आपल्याला नेमकं काय आवडलं?

लक्ष्या पार्वती होऊन वावरला, त्याचं हसू आलं असेल तर सोंगाचे सिनेमे निवडा. ‘धूमधडाका’त (१९८५) अशोक सराफ मित्राचा श्रीमंत बाप बनून येतात. हृषीकेश मुखर्जींच्याच ‘गोलमाल’मध्ये (१९७९) अमोल पालेकर नोकरी टिकवायला बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो, आणि पुढे खोटी आईसुद्धा आणावी लागते.

चौघांना जागा मिळत नाही, ती वणवण मनाला भिडली असेल तर ‘मुंबईचा जावई’ (१९७०) बघा. भरल्या घरात नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला त्यातलं हसू लगेच कळेल, आणि थोडं टोचेलही. याच कथेवर हिंदीत ‘पिया का घर’ (१९७२) आला.

सचिनची मांडणी आवडली असेल तर ‘गंमत जंमत’ (१९८७) आणि ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) आहेत. सासूबाई, सासरे सोबत बसणार असतील तर राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) लावा. महिनाभरात लाख रुपये उडवून दाखवायची अट म्हणजे काय फजिती, ते बघाच!

एक गोष्ट मात्र निवडताना जरूर पाहा. हसू कुणाच्या जिवावर चाललंय? ‘बनवाबनवी’त फजिती होते ती थापा मारणाऱ्यांची. काही विनोदी सिनेमांत मात्र जाडी बायको, कजाग सासू, काळी मुलगी एवढाच विनोद असतो. शेजारी आपली वयात आलेली लेक बसलेली असते, तीही ते ऐकत असते. पहिल्या पंधरा मिनिटांत असं दिसलं तर खुशाल बंद करा. घरातले ‘अगं, गंमत आहे ती’ म्हणतील, म्हणू देत.

आणि निवड तुम्हीच करा बरं का! भाजी कोणती करायची हे घरातले सगळे आपल्याला विचारतात, पण सिनेमा कोणता लावायचा हे कुणी विचारत नाही. आठवड्यातून तीन तास निवांत मिळतात, ते दुसऱ्याच्या आवडीवर कशाला घालवायचे? किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर चार नावं आजच लिहून ठेवा. रविवारी जेवणं आटोपली की वही पुढे करायची, रिमोट कुणाच्याही हातात असो.