वठलेली झाडे आणि वाडीची सुरक्षितता

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ती हानी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. परंतु अशा प्रत्येक वादळानंतर हानीचा दुसरा भाग सावकाश प्रकट होतो. काही माडांचे शेंडे पिळवटून निघतात, काही आंब्यांची मुळे जमिनीतल्या जमिनीत तुटतात. ही झाडे उभी दिसतात, पण पुढील एक-दोन वर्षांत जागच्या जागी वठतात. आडवे झालेले झाड लोक आठवड्यात तोडून नेतात. उभे वठलेले झाड मात्र “पडेल तेव्हा सरपण होईल” या हिशेबाने वर्षानुवर्षे तसेच राहते. हा हिशेब फार महाग पडतो.

झाड खरोखर मेले आहे किंवा कसे, हे प्रथम पाहावे. आंबा, फणस अशा झाडांची साल कोयत्याने किंचित खरवडल्यास आत हिरवा, ओलसर थर दिसतो. तो अनेक ठिकाणी तपासूनही कोरडा व तपकिरी आढळला, तर आशा ठेवू नये. माडाची गोष्ट निराळी आहे. त्यास वाढीचा कोंब एकच असतो. तो कुजला की खोड कितीही भरदार दिसो, त्यास पुन्हा फूट येत नाही.

मेलेले झाड पहिल्या वर्षी बरेचसे घट्ट असते. पुढे मुळे कुजतात, बुंध्याशी अळंबी उगवते, वाळवी लागते आणि गाभा पोकळ होतो. म्हणजे जितका उशीर करावा तितके लाकडाचे मोल कमी होते आणि तोडणाऱ्याच्या जिवाचा धोका वाढतो. मे महिन्यातील वळवाच्या एका झोताने असे झाड गोठ्यावर किंवा वाटेवर येते. यासाठी दिवाळीनंतर वाडीची एक फेरी करून वठलेल्या झाडांवर चुन्याने खूण करावी आणि फाल्गुनापर्यंत ती उतरवून घ्यावीत.

माडाच्या बाबतीत याहून मोठे कारण आहे. कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याचे माहेरघर होय. मादी त्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालते. अळ्या कित्येक महिने त्या कुजक्या भागावर पोसतात आणि भुंगे बाहेर पडून शेजारच्या निरोगी माडांचा न उमललेला कोंब पोखरतात. पुढे ती झावळी उमलली म्हणजे कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्या जखमेच्या वाटेने सोंड्या भुंगा शिरला, तर माडच हातचा जातो. एका मेलेल्या माडापायी सबंध आळीच्या वाड्यांना उपद्रव होतो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेजाऱ्यांना एकत्र बोलावून समजावून द्यावे. भांडण बहुधा बांधावरच्या झाडाचे असते.

आता तोडणीविषयी. वठलेल्या झाडावर चढू नये. नेहमीचे चपळ पाडेकरीदेखील येथे फसतात, कारण वाळलेले लाकूड वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंधा ठोकून पाहावा; आवाज ढोलासारखा पोकळ आला, तर ते काम अनुभवी तोडणाऱ्यांवरच सोपवावे. झाडाची उंची मोजण्यास सोपी रीत आहे. आपल्या हाताच्या लांबीएवढी काठी हात पुढे ताणून उभी धरावी आणि सपाट जागेवर मागे सरकत जावे. काठीचे खालचे टोक बुंध्याशी व वरचे टोक शेंड्याशी जुळले, की आपले झाडापासूनचे अंतर तीच सुमारे त्याची उंची. उंचीच्या दुप्पट अंतरात मूल, गुरे अथवा बघे नसावेत. वीजवाहिनी जवळ असल्यास वीज कंपनीस आधी कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा.

ज्या बाजूस झाड पाडावयाचे त्या बाजूने जाडीच्या सुमारे चौथ्या हिश्शापर्यंत खाच घ्यावी. नंतर मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटे वर, करवत चालवावी आणि मध्ये जाडीचा सुमारे दहावा हिस्सा न कापता ठेवावा. तो बिजागरीचे काम करतो व झाडास दिशा देतो. दुसरा एक माणूस केवळ शेंड्याकडे पाहत उभा असावा. करवतीच्या हादऱ्याने वरची वाळकी फांदी कापणाऱ्याच्या डोक्यावर येण्याचा संभव असतो. मागे तिरक्या दिशेने पळण्याची वाट आधीच साफ करून ठेवावी. वारा सुटला असेल त्या दिवशी काम मुळीच हाती घेऊ नये.

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ इत्यादी झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. झाड मेलेले आणि जागा खासगी असली तरी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून आधी परवानगी घ्यावी. इतर जातींविषयीही तेथेच चौकशी करावी.

पाडलेला माड वाडीत लोळत ठेवल्यास सर्व श्रम वाया जातात. चांगला भाग साकवास किंवा वाशांना वापरावा. उरलेल्याचे तुकडे करून, उभे चिरून, उन्हात कडकडीत वाळवावेत व जाळून टाकावेत. खुंटही खणून काढावा. सापडलेल्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. खतखड्ड्यासाठी मेटारायझियम बुरशीचा उपयोग होतो. त्याविषयी रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडे विचारणा करावी.

प्रत्येक वठलेले झाड काढलेच पाहिजे असे मात्र नाही. वाडीच्या दूरच्या कोपऱ्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या जुन्या ऐनाच्या ढोलीत पिंगळा राहतो व घुबडही घर करते. घुबड उंदीर खाऊन शेतकऱ्याचेच काम करते. असे झाड खुशाल राहू द्यावे. फक्त त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरात गोठा, विहीर अथवा पायवाट नसावी, आणि पुढे तेथून वाट पाडण्याची वेळ आली, तर ती त्या अंतराबाहेरून वळसा घालून न्यावी.