काशिदच्या पाठीमागचं जंगल

ओरल्स संपल्या की आपल्या हॉस्टेलवर एकच चर्चा सुरू होते, 'कुठे जायचं?' आणि उत्तरही दरवर्षी एकच, 'काशिद!' अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, मग काशिद, जमलं तर मुरुडला जाऊन जंजिरा आणि रात्री परत. रेक्टर मॅडमचं उत्तरही ठरलेलं असतं. 'समुद्र? नाही म्हणजे नाही.' यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून कॉलेजच्या सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. सहलीचा अर्ज समोर आला की सरांना आणि मॅडमना आधी ती बातमी आठवते.

पण काशिदच्या वाळूत उभं राहून कधीतरी समुद्राकडे पाठ करून बघा. मागे जो हिरवागार डोंगर दिसतो, त्या बाजूला फणसाड वन्यजीव अभयारण्य आहे. पन्नास चौरस किलोमीटरहून मोठं, मुरुड, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांमध्ये पसरलेलं. दर शनिवार-रविवारी त्याच्या समोरून गाड्यांच्या रांगा जातात, पण आत वळणारे फार थोडे. गेल्या डिसेंबरात आम्ही सात मुली आणि लॅबच्या एक मॅडम तिथे दोन रात्री राहून आलो. तेव्हापासून 'परमिशन मिळाली कशी?' हा प्रश्न मला मेसमध्ये इतक्या वेळा विचारला गेलाय, की एकदाच लिहून टाकते.

आधी हे जंगल कुणाचं ते बघू. एके काळी ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. नवाब आणि त्याचे पाहुणे सोडून कुणी तिथे बंदूक चालवायची नाही, त्यामुळे झाडं आणि जनावरं दोन्ही टिकली. (शिकारीसाठी राखलं म्हणून वाचलं, हे मला अजूनही विचित्र वाटतं.) संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि १९८६ मध्ये सरकारने हे अभयारण्य म्हणून जाहीर केलं. म्हणजे जिथे जायला पूर्वी नवाबाचं आमंत्रण लागायचं, तिथे आज तुम्ही-आम्ही प्रवेश फी भरून जाऊ शकतो.

मात्र 'सरकारी जंगल म्हणजे पब्लिक पार्क' असा आपला समज असतो, तो चूक आहे. सरकारी जंगलाचे प्रकार असतात. १९२७ च्या वन कायद्यातलं राखीव वन म्हणजे जिथे परवानगी दिल्याशिवाय सगळं मना, आणि संरक्षित वन म्हणजे जिथे मनाई केल्याशिवाय बहुतेक गोष्टी चालतात. अभयारण्याला याच्यावर आणखी एक कायदा लागतो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या कलम २७ प्रमाणे आत कुणी जायचं यावरच बंधन आहे आणि कलम २८ प्रमाणे अभ्यास, फोटोग्राफी, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळतो. म्हणजे परवानगीचा कागद ही नुसती फॉर्मॅलिटी नाही, तो आपला आत असण्याचा हक्कच आहे. आमच्या अर्जाला हाच कागद कामी आला. रेक्टर मॅडमपुढे आम्ही 'जाऊ का?' विचारत गेलो नाही. वनखात्याकडचं बुकिंग, सोबत येणाऱ्या मॅडमची सही, गावातल्या वाटाड्याचं नाव आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची माहिती असं सगळं एका फाइलमध्ये लावून गेलो. मॅडमनी फाइल दोनदा वाचली. मग विचारलं, 'मुली तंबूत झोपणार?' आम्ही म्हटलं, 'हो मॅडम, आणि तंबू वनखात्याचे आहेत.' सही झाली!

जायचं सुपेगावला. अभयारण्याच्या कडेचं हे गाव आहे आणि राहायची सोय तिथेच आहे. आम्ही रेल्वेने रोह्याला उतरलो आणि पुढे दोन मिनिडोर केल्या. (मिनिडोर म्हणजे सहा सीटची रिक्षा. रायगडात तिला दुसरं कोणी काही म्हणत नाही.) मुंबईकडून येणाऱ्यांना अलिबाग-रेवदंडा-साळाव असंही येता येतं. जेवणाचं गावातच एका घरी सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सुकटीची चटणी. आपल्या मेसबद्दल मी इथे काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. झाडापक्ष्यांची मराठी नावं मला तिथे गेल्यावरच कळली. पहिल्या सकाळी वाटाडे काका म्हणाले, 'चला, आधी गाण दाखवतो.' मी मनात म्हटलं, गाणं दाखवतात कसं? तर गाण म्हणजे पाणवठा. या जंगलात अशा अनेक गाणी आहेत आणि फणसाड हे नावही एका गाणीवरूनच आलंय. हे पाणवठे समजले की सगळं जंगल समजतं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे पाणी धावत सुटतं. ते अडवून जमिनीत मुरवतात ती झाडांची मुळं आणि पालापाचोळा. सिव्हिलवाले ज्याला रनऑफ आणि इन्फिल्ट्रेशन म्हणतात तेच. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढे आटतात आणि मग सावलीतल्या या थोड्याच गाणींमध्ये पाणी उरतं. सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सगळ्यांना तिथेच यावं लागतं. पाण्याच्या काठी आपण दंगा करत बसलो तर त्यांना जायला दुसरी जागा नसते. पोहायला उतरणं तर लांबच राहिलं.

काकांनी आम्हाला गाणीपासून जरा दूर, झाडांच्या आड बसवलं आणि म्हणाले, 'आता बोलायचं नाही.' सात मुली आणि बोलायचं नाही! पहिली वीस मिनिटं काहीही झालं नाही. डास चावले, एकीचा पाय बधिर झाला, एकीने हळूच मोबाइल काढला तर रेंजच नव्हती. मला वाटायला लागलं की इथे काही नाहीच, नुसतं नाव मोठं. मग कधीतरी पक्ष्यांचे आवाज वाढले. खरं म्हणजे ते वाढले नव्हते, आम्ही आल्यावर बंद पडले होते ते परत सुरू झाले. पलीकडे वानरांची टोळी उतरली. आणि साधारण चाळीस मिनिटांनी बरोबर डोक्यावर खडखड असा आवाज आला, आणि शेकरू दिसलं.

शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. स्पर्धा परीक्षेवाले हे पाठ करतात, पण पाहिलेलं किती जणांनी असतं? खार म्हणून जी आपल्या डोळ्यांसमोर येते तिच्याशी याची तुलनाच नाही. शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब, वजन दीड-दोन किलो, अंग तांबूस तपकिरी आणि पोट फिक्कट. एका फांदीवरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरची उडी मारतं. जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून त्याला झाडाला झाड लागलेलं जंगल लागतं. मध्ये तोड झाली, रस्ता आला, की त्याचा पूलच तुटला. शिवाय एकच शेकरू वेगवेगळ्या झाडांवर तीन-चार घरटी बांधून ठेवतं. काकांनी दाखवल्यावर वर काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसायला लागले. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. काका म्हणाले, त्या एका दिवसात एवढी झाडं पडली की ओळखीच्या वाटा त्यांना स्वतःला सापडेनात. वर पाहिलं तर मध्येच आभाळाचे मोठे तुकडे दिसतात, ते त्या दिवसाचे.

गारंबीचा वेल मात्र जागेवर आहे. वेल म्हटल्यावर मला मनीप्लांट आठवतो, हा तर माणसाच्या मांडीएवढा जाड, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर असा कुठवर गेलाय ते कळत नाही. त्याच्या शेंगा मीटरभर लांब होतात. झोके घ्यायचा मोह सगळ्यांनाच झाला, पण काकांनी नुसतं पाहिलं आणि आम्ही समजलो.

फणसाडमध्ये गिधाडंही होती, आणि त्यांना परत आणण्यासाठी इथे मेलेली जनावरं उघड्यावर ठेवण्याचा प्रयत्न झालेला आहे. आम्हाला एकही दिसलं नाही. त्याचं कारण आपल्या फर्स्ट एड बॉक्समध्ये आहे. फुटबॉल खेळून गुडघा सुजला की आपण जे डायक्लोफेनॅक लावतो, तेच औषध गुरांना दिलं जायचं. अशा गुराचं मढं खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात शंभरातली नव्याण्णव संपली होती. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं आणि माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जातात म्हणून २०१५ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. एक साधं पेनकिलर! केमिकलवाल्यांनी यावर सेमिनार घ्यायला हरकत नाही.

आता सगळ्यांचा आवडता विषय, कॅम्पफायर. आम्ही केली नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे, पण त्यापेक्षा जमिनीकडे बघितलं तरी पुरे. डिसेंबरपासून पानं गळतात, मार्चपर्यंत पायाखाली वाळलेल्या पानांचा जाड थर असतो. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी गवत-पाला काढून जाळरेषा करून ठेवतात, म्हणजे वणवा आला तर तिथे थांबावा. ही जाळरेषा ओलांडायला एक ठिणगी पुरते. आमच्या शेजारच्या तंबूत एक ग्रुप होता. त्यांनी कोळसा, शेगडी आणि भला मोठा स्पीकर आणला होता. वनरक्षक आले, दोन्ही उचलून ऑफिसात ठेवलं आणि 'उद्या जाताना न्या' म्हणाले. ते लोक रात्रभर कुरकुरत होते, 'पैसे भरलेत ना आम्ही!' असा कचरा-गोंधळ होत राहिला तर ही तंबूंची सोय बंद करणं हाच वनखात्याला सोपा मार्ग आहे, आणि मग आपल्यासारख्यांच्या फाइलवर कोण सही करणार? (कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं हेही कलम २७ मध्येच मना केलेलं आहे.)

आग नसल्याने काही अडलं नाही. रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून बसलो. साधारण नऊच्या सुमारास दरीतून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं. ते भेकर होतं. बिबट्याची चाहूल लागली की ते असं ओरडतं. पुढचा अर्धा तास आमच्यातली एकही तंबूबाहेर गेली नाही!

थंडी जमिनीतून येते, हे लक्षात ठेवा. वर दोन चादरी घेऊन उपयोग नाही, खाली जाड सतरंजी हवी. हीट ट्रान्स्फरच्या पेपरात आपण कंडक्शन लिहितो, तेच पाठीला कळतं. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. कोकणात लाल विंचू आहे आणि फुरसंही आहे. विंचवाच्या दंशाने इथे पूर्वी खूप माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू फार कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती याच भागातल्या कामासाठी. पण दंश झाला तर औषध डॉक्टरच देणार. साप चावला तर आपण कापाकापी करायची नाही, दोरी आवळायची नाही, हात-पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. रेक्टर मॅडमनी विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, म्हणून दवाखाना किती लांब आहे आणि रात्री गाडी कुणाची मिळेल हे जाण्याआधीच लिहून ठेवा. वर रेंज नसते.

जायचं तर पावसाळा सोडून, नोव्हेंबर ते मे. थंडीत पक्षी जास्त आणि उकाडा कमी. प्राणी बघायचे असतील तर उन्हाळ्यात, पाणी कमी होतं तेव्हा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं राज्यातल्या अभयारण्यांमध्ये पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद घेतं, कारण वैशाखात पाणी सगळ्यात कमी आणि चंद्राचा उजेड सगळ्यात जास्त असतो. त्यासाठी स्वयंसेवकही घेतात. नावं आधी द्यावी लागतात आणि रात्रभर मचाणावर गप्प बसावं लागतं. आमच्यातल्या तिघी द्यायला तयार आहेत, चौथीची केटी त्याच आठवड्यात आहे.