गेममधले साम्राज्य आणि बारामतीचे सावकार

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या स्वीडिश गेममध्ये नेहमीचा डाव ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. मराठी संस्कृतीचे एखादे राज्य घेऊन पुढे ‘मराठा’ राष्ट्र उभे करता येते, आणि मुरलेला खेळाडू बघता बघता अटकेपार पोचतो. खरोखर हे इतके सोपे होते का? बारामती एमआयडीसीत राहणाऱ्या खेळाडूला उत्तरासाठी लांब जायला नको. गावात कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे.

गैरसमज: पैसा कमी पडला तर कर्ज काढावे, मोहीम थांबत नाही.

गेममध्ये कर्ज एका क्लिकवर मिळते आणि ते देणाऱ्याला नावगाव नसते. पहिल्या बाजीरावांच्या सावकारांत बारामतीचे बाबूजी नाईक होते, तेही नात्यातले. त्यांचे बंधू आबाजी हे बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. सोयरीक होती म्हणून तगादा टळला नाही. आपले गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना बाजीरावांनी लिहिलेल्या पत्रांतून, रणात न हरणारा हा पेशवा सावकारांपुढे किती टेकीला आला होता ते कळते. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले, तेव्हा बाबूजींनी थेट पेशवेपदच मागितले. नागपूरकर रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेबांना दिली. मग बाबूजींनी जुन्या कर्जाची मागणी लावून धरली, आणि त्यातून सुटण्यासाठी दिवाण महादोबा पुरंदऱ्यांची पत कामी आली. धनकोच कारभाराच्या गादीवर दावा सांगतो, हे गेमच्या कर्जात कुठेच नाही. मला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण मराठ्यांच्या मोहिमा सावकारांच्या पैशावरच निघत.

गैरसमज: नकाशा रंगला की मुलूख आपला.

मोगल बादशहाच्या १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के. सुभे कागदोपत्री मोगलांचेच राहिले. १७५८ मध्ये जिंकलेले लाहोर पुढच्याच वर्षी अब्दालीने परत घेतले.

गैरसमज: काय चालले आहे ते राज्यकर्त्याला लगेच दिसते.

पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झाले. नानासाहेब तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. दहाएक दिवसांनी भेलशाजवळ त्यांच्या हाती एक सांकेतिक पत्र लागले आणि अनर्थ कळला. ते पत्रसुद्धा सावकाराचेच होते.

मात्र ‘हा निव्वळ पोरखेळ’ म्हणणेही चूक आहे. फार भराभर मुलूख घेतला तर गेममध्ये बंडे होतात आणि शेजारी एकजूट करून उठतात. हे गणित अगदी खरे आहे. उत्तरेत वर्षानुवर्षे खंडणी वसूल केल्यावर पानिपताच्या वेळी राजपूत मराठ्यांच्या बाजूने उतरले नाहीत, आणि सूरजमल जाट लढाईआधीच छावणी सोडून गेला.